एक चूल, दोन हेतू

कोणत्याही कर्माचा हेतू एकच असावा आणि त्यात दुसरा मिसळला तर ते कर्म हिणकस समजावे, हा आग्रह धर्मचिंतनात जसा वारंवार डोके वर काढतो, तसाच तो महसुली कायद्यांतही खोल मुरलेला आहे. आणि हे दोन्ही आग्रह एकाच घरात एकाच व्यक्तीला कसे जाचतात हे ज्याला पाहायचे असेल, त्याने ठाण्याच्या घोडबंदर रोडवरील एखाद्या घरगुती पाळणाघरात दुपारच्या जेवणाच्या वेळी जाऊन बसावे. परक्यांची मुले सांभाळून चार पैसे मिळवणाऱ्या बाईला तिथे कायदा विचारतो की, जे तांदूळ तुमच्या घरच्या माणसांच्याही पोटात गेले त्यांना धंद्याचा खर्च कसे म्हणावे. आणि लोकरूढी तिलाच विचारते की, ज्या मायेचे तुम्ही महिन्याला पैसे घेता ती माया कसली. पहिला प्रश्न जमाखर्चाचा आणि दुसरा अंतःकरणाचा, असे वरवर वाटते. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच गृहीत आहे, आणि ते गृहीतच सदोष आहे, असे मला सांगावयाचे आहे.

माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत आणि पुढे गायमुखाच्या घाटापर्यंत गेलेला हा रस्ता एका अंगाला येऊरचे डोंगर आणि दुसऱ्या अंगाला खाडी अशा पट्ट्यातून जातो. ज्या बंदरात एके काळी घोडे उतरत म्हणून त्यास हे नाव पडले असे सांगतात, त्याच्या वाटेवरील मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, ओवळा ही गावे पाहता पाहता उंच इमारतींच्या सावलीत गेली. इमारतींत राहावयास आलेल्या अनेक कुटुंबांत नवराबायको दोघेही मिळवते. आजी-आजोबा साताऱ्याला, जळगावला नाही तर कोकणात. कचेऱ्या ऐरोलीला, अंधेरीला, वांद्र्याला. आणि संध्याकाळच्या कोंडीतून घरी केव्हा पोहोचू याचा कुणालाच नेम नाही. २०१७ साली प्रसूतिलाभ कायद्यात दुरुस्ती होऊन ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन आले खरे. पण त्या सोयीचा लाभ घ्यायचा तर तान्ह्या मुलाला त्याच कोंडीतून रोज दोन वेळा न्यावे-आणावे लागते. म्हणून आईबाप आपल्याच इमारतीतल्या, ओळखीच्या बाईचे दार ठोठावतात, आणि एका घराच्या संसारात दुसऱ्या पाच-सात घरांची लेकरे दिवसभर वाढू लागतात.

असे एक पाळणाघर मी जवळून पाहिले आहे. बाहेरच्या खोलीत भिंतीला लावून ठेवलेल्या गाद्या, दाराला वरच्या बाजूने घातलेली जास्तीची कडी, खिडकीच्या गजांना बांधलेली जाळी, आणि सकाळी आठपासून येणारी सात मुले. ती बाईंना ‘काकू’ म्हणतात आणि त्यांच्या सासूबाईंना ‘आजी’. गॅसवर एकच मोठा कुकर चढतो, खाली तुरीचे वरण, वर भात. सर्वांत धाकटे मूल वर्षाचे आहे, त्याच्यासाठी एक वाटी भात निराळा गुरगुट्या शिजतो. आजींचे दात गेलेले असल्यामुळे त्याही तोच भात तूप-मीठ घालून जेवतात. मुले निजली की काकू एका जुन्या डायरीत खर्च मांडतात: दूध, केळी, साबण, फिनेल, रंगीत खडू. तांदूळ, डाळ आणि गॅस यांचे रकाने मात्र मी पाहिले तेव्हा कोरे होते. कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “दूध मुलांसाठी जास्तीचं घेते, म्हणून लिहिते. पण भाताचं काय लिहू? तो आमच्यासाठी शिजतोच, त्यात चार मुठी जास्त. आणि खरं सांगू का, लेकरांच्या घासाचा हिशेब मांडायचा म्हटलं की कसंतरीच होतं.”

या उत्तरात आपल्यापुढचे दोन्ही प्रश्न आहेत. त्यांपैकी पहिला कायद्याचा. १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमाचे कलम ३७(१) असे सांगत असे की, जो खर्च करदात्याचा वैयक्तिक नाही आणि जो संपूर्णतः व केवळ धंद्यासाठी केला आहे, त्याचीच वजावट मिळेल. आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या अधिनियमानेही ही अट सोडलेली नाही. घराच्या बाबतीत मात्र हाच कायदा मिश्र उपयोगाला जागा देतो: वास्तूचा काही भाग राहण्यासाठी व काही धंद्यासाठी वापरला, तर भाडे, दुरुस्ती व सामानसुमानाची झीज यांचा प्रमाणशीर वाटा मान्य होतो. म्हणजे भिंतींची आणि गाद्यांची वाटणी करता येते. पण शब्दशः वाचल्यास कुकरमधला भात, गॅसची आच आणि बाईंच्या हाताखालून गेलेले पाणी ही ‘संपूर्णतः व केवळ’ या अटीपाशी अडतात. गॅसच्या टाकीतही हीच विभागणी दिसते: १४.२ किलोची टाकी घरासाठी आणि १९ किलोची व्यापारासाठी. ज्या शेगडीवर घर आणि व्यापार एकाच वेळी शिजतात तिच्यासाठी तिसरा प्रकार नाही.

कुणी म्हणेल, हा वाद व्यर्थ आहे, कारण लहान व्यावसायिकांसाठी गृहीत नफ्याची तरतूद आहे. वर्षाची जमा विहित मर्यादेत असेल तर तिच्या ८ टक्के, आणि पैसे बँकेमार्फत आले तर ६ टक्के नफा गृहीत धरावा, बाकीचे सारे खर्च वजा झाले असे समजावे, पावत्या मागू नयेत. शिवाय नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या सामान्य उत्पन्नावर कर पडत नाही, आणि घरगुती पाळणाघराची मिळकत त्याच्या जवळपासही जात नाही. हे खरे आहे आणि ही सवलत न्याय्य आहे. पेशवाईत उदमी व कारागिरांवर मोहतर्फा बसे, तेव्हाही दुकान किंवा माग पाहून ठोक आकारणी करण्याचा मार्ग आपल्या मुलखाला ठाऊक होता. परंतु ठोक आकारणी प्रश्न टाळते, तो सोडवत नाही. तिच्यामुळे बाईंचा कर वाचतो. पण आपण जे करतो ते काम आहे, त्याला खर्च आहे, त्यात आपले श्रम आणि आपले भांडवल आहे, ही जाणीव तिच्यामुळे येत नाही. कर पडत नाही म्हणून विवरणपत्र नाही, विवरणपत्र नाही म्हणून मिळकतीचा दाखला नाही, दाखला नाही म्हणून बँकेपुढे उभे राहण्यास आधार नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, किती खर्च होतो हे ठाऊक नसल्यामुळे महिन्याचे शुल्क किती घ्यावे हेही ठाऊक नाही. ते शेजारच्या इमारतीतल्या बाई किती घेतात यावर ठरते, आणि त्या बाईंनीही भाताचा रकाना कोराच ठेवलेला असतो.

मिश्र हेतूचा हा पेच आपल्यापुरताच नाही. इंग्लंडमध्ये १९८३ साली एका महिला बॅरिस्टरच्या काळ्या पोशाखाचा खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. ते कपडे तिने केवळ न्यायालयात उभे राहण्यासाठी घेतले होते, पण ऊब आणि शालीनता हा मानवी हेतूही त्यात असणारच, मग तो तिच्या मनात स्पष्ट असो वा नसो, म्हणून वजावट नाकारली गेली. कॅनडात १९९३ साली सिम्स या वकील महिलेने मुलांच्या दाईचा पगार हा आपल्या व्यवसायाचा खर्च आहे असे म्हटले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तिचे म्हणणे फेटाळले. विरुद्ध मत देणाऱ्या दोघी न्यायाधीश स्त्रिया होत्या. उलट जिथे प्रश्न मूल सांभाळणाऱ्या बाईचा आला, तिथे काही देशांतील करखात्यांनी व्यवहार ओळखला. अमेरिकेत घरातील किती जागा आणि दिवसाचे किती तास मुलांसाठी वापरले या दोन अपूर्णांकांच्या गुणाकाराने घरखर्चाचा वाटा काढतात, आणि जेवणासाठी प्रत्येक ताटामागे ठरावीक दर धरण्याची मुभा देतात, वाण्याच्या पावत्या मागत नाहीत. ब्रिटनच्या करखात्याने मुले सांभाळणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेशी विचारविनिमय करून सामानाच्या झिजेसाठी मिळकतीचा एक दशांश आणि पूर्ण वेळ काम असेल तर उष्णता व दिवाबत्तीच्या खर्चाचा सुमारे एक तृतीयांश अशी प्रमाणे ठरवून दिली. कायद्याच्या तत्त्वाने ज्याला अशक्य म्हटले ते अंमलदारांच्या समजूतदारपणाने शक्य केले. पण तत्त्व मात्र तसेच लंगडे राहिले.

त्या तत्त्वाला पाय देणारा विचार आपल्या पूर्वमीमांसेत आहे, आणि यज्ञकर्माशी संबंध उरला नाही म्हणून आपण त्याच्याकडे पाठ फिरवावी हे मला खेदाचे वाटते. जैमिनीच्या बारा अध्यायांपैकी शेवटचे दोन अध्याय याच प्रश्नाला वाहिलेले आहेत: एक कृती अनेक प्रयोजनांच्या उपयोगी पडत असेल तर ती कुणाची समजावी? अकराव्या अध्यायाचा विषय ‘तंत्र’ आणि बाराव्याचा ‘प्रसंग’. दर्शपूर्णमास या अमावास्या-पौर्णिमेच्या यज्ञात प्रधान याग अनेक असले तरी प्रयाजादी अंगे, म्हणजे साहाय्यक विधी, एकदाच करतात, आणि ती त्या सर्वांना उद्देशूनच केलेली असल्यामुळे सर्वांचीच होतात, हे तंत्र. याउलट एका कर्मासाठी केलेल्या अंगाचा लाभ दुसऱ्याला, तो उद्दिष्ट नसतानाही, आपोआप मिळाला, तर तो प्रसंग. जैमिनीचे भाष्यकार शबरस्वामी यांनी यासाठी दिव्याचे उदाहरण घेतले आहे: अनेक ब्राह्मणांच्या मधोमध ठेवलेला दिवा प्रत्येकाचाच, पण प्रासादात लावलेल्या दिव्याचा उजेड राजमार्गावर पडला म्हणून तो राजमार्गाचा होत नाही. हेतू एक की अनेक, एवढाच प्रश्न विचारून मीमांसक थांबत नाहीत. अनेक हेतू असतील तर ते सारखेच उद्दिष्ट आहेत की एक उद्दिष्ट आणि दुसरा आनुषंगिक, हा त्यांचा पुढचा आणि खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न काकूंच्या स्वयंपाकघरात विचारला की धुके निवळते. सासूबाईंच्या खोलीत दिवसभर पंखा फिरतच असतो आणि दुपारी दोन मुले तिथे निजतात, तेव्हा त्या पंख्याचा वारा मुलांना प्रसंगाने मिळतो. त्याची वजावट मागणे उचित नाही, आणि काकूही ती मागणार नाहीत. पण तो एक वाटी गुरगुट्या भात? तो तान्ह्यासाठी मऊ केला आणि आजींसाठीही मऊ केला. पाणी घालताना बाईंच्या मनात दोघेही होते. इथे कुणीच आनुषंगिक नाही. ज्या कुकरमध्ये सात मुलांचा आणि चार घरच्यांचा भात मुद्दाम एकत्र शिजतो तो निखळ तंत्राचा विषय आहे, आणि त्याचा धंद्याशी संबंध घरच्या जेवणामुळे तसूभरही कमी होत नाही. वाटणीचे गणित मीमांसेने सांगितलेले नाही, ते हिशेबनिसाचे काम. पण त्या गणितापूर्वी जे मान्य व्हावे लागते, की दोन धनी असलेली वस्तू दोघांचीही खरीच असते, ते तिने निःसंदिग्धपणे सांगितले आहे. ‘संपूर्णतः व केवळ’ ही कसोटी कारखान्याला शोभते, कारण तिथे घर आणि धंदा भिंतीने वेगळे झालेले असतात. ज्या व्यवसायाचे सारे मोलच घर असण्यात आहे, मुलाला घरासारखे वाटावे म्हणूनच आईबाप ज्याला पैसे देतात, त्याला ही कसोटी लावणे म्हणजे त्याचा गुण हाच त्याचा दोष ठरवणे होय.

आता दुसरा प्रश्न, जो मला अधिक गंभीर वाटतो, कारण तो बाईंच्या स्वतःच्या मनात आहे. लेकरांच्या घासाचा हिशेब मांडताना त्यांना ‘कसंतरीच’ होते, त्याला आधार नाही असे नाही. मनुस्मृतीने वेतन घेऊन अध्यापन करणाऱ्या भृतकाध्यापकाला श्राद्धाच्या पंक्तीतून वगळले. विद्या, अन्न आणि वात्सल्य यांचे मोल करू नये अशी आपल्या संस्कृतीची दीर्घकालीन धारणा आहे, आणि तिच्यात एक उदात्त भय आहे, की मोल लागले की ज्याला मोल देता येत नाही तो वंचित होईल. या भयाची थट्टा मी करणार नाही. परंतु त्याच स्मृतीने उपजीविकेसाठी वेदाचा एखादा भाग शिकवणाऱ्याला उपाध्याय म्हटले आणि गुरुजनांच्या मालिकेत, आचार्याच्या खालोखाल का होईना, पण स्थान दिले. म्हणजे विद्येचा विक्रय आणि विद्या देणाऱ्याची उपजीविका यांत अंतर आहे हे परंपरेलाही ठाऊक होते. काकू आईबापांकडून जे घेतात ते मायेचे मोल नाही. माया करावयास जो दिवस, जी पाठ, जो तांदूळ आणि जी झोप लागते, त्यांची ती भरपाई आहे. माया विकत मिळत नाही हे खरेच. म्हणून तर तिच्यासाठी झिजणाऱ्या गोष्टींचा खर्च कुणी तरी उचललाच पाहिजे.

भागवताच्या दशम स्कंधात या विषयाला लागून एक प्रसंग आहे, ज्याकडे या दृष्टीने कुणी पाहिल्याचे माझ्या वाचनात नाही. कृष्णजन्मानंतर नंद कंसाचा वार्षिक कर भरण्यासाठी मथुरेस जातो. दुसऱ्याचे मूल आपल्या घरी वाढत असताना नंद राजाचे देणे चुकवत नाही. आणि कर भरून झाल्यावर वसुदेव त्याला सांगतो की आता इथे फार वेळ थांबू नकोस, गोकुळात उत्पात दिसत आहेत. त्याच वेळी इकडे पूतना सुंदर स्त्रीचे रूप घेऊन येते. तिच्या स्तनांत विष आहे, हेतू तर पूर्ण काळा आहे. आणि तरीही भागवत सांगते की, बाळाला स्तन दिला एवढ्या कृतीमुळे तिला धात्रीला साजेशी गती मिळाली. जिथे हेतू संपूर्ण दूषित असूनही कृतीचे मोल बुडाले नाही, तिथे ज्या बाईच्या मनात महिन्याच्या शुल्काशेजारी खरी माया नांदते, तिच्या कृतीला केवळ त्या शुल्कामुळे कमी लेखणे हे भक्तिपरंपरेला धरून होणार नाही. वसुदेवाचे मूल वाढवताना यशोदेच्या घरचे दूध आणि लोणी खर्ची पडतच होते. तो खर्च मांडला असता तर वात्सल्य उणे झाले असते असे समजण्यास कोणताही आधार नाही.

किंबहुना घरातल्या झिजेचा हिशेब मांडणे ही कल्पना आपल्याला परकी नाहीच. चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा यांच्या वापरात रोज नकळत घडणाऱ्या हिंसेला धर्मशास्त्राने ‘पंचसूना’ म्हटले, आणि तिच्या भरपाईसाठी पंचमहायज्ञ नेमून दिले. मनाला न टोचणारे, नजरेला न दिसणारे नुकसानही जमेस धरून त्याची फेड करावी, असे ज्या परंपरेने गृहस्थाला शिकवले, तिच्या वारसांनी केरसुणीच्या झिजेपासून गॅसच्या आचेपर्यंतचा खर्च लिहिण्यात लाज वाटून घेऊ नये. हिशेब हा लोभाचे चिन्ह नसून ऋण ओळखण्याचा मार्ग आहे, आणि ऋण ओळखल्याशिवाय कृतज्ञतेलाही नेमका विषय मिळत नाही.

सेवेच्या नावाखाली खर्च व श्रम अदृश्य करण्याचा दोष सरकारनेही केला आहे. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या बोर्डी येथे १९४५ साली ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांच्या साथीने ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले, आणि मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे हा विचार तिथे रुजला. पुढे १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी देशभर नेली. पण ती चालवणाऱ्या सेविकेला वेतन न देता ‘मानधन’ दिले, कारण तिचे काम सेवाभावाचे मानले गेले. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस उपदानास पात्र आहेत असा निर्णय दिला, तेव्हा सेवाभाव आणि हक्क हे एकमेकांना छेदत नाहीत ही गोष्ट निदान न्यायासनाने मान्य केली. जे अंगणात मान्य झाले ते घराच्या ओट्यावर अमान्य राहावे याला कारण दिसत नाही.

म्हणून माझे म्हणणे तीन ठिकाणी पोहोचावे असे मला वाटते. करखात्याने घरगुती पाळणाघरासाठी दर मुलामागे आणि दर जेवणामागे ठरावीक वजावट जाहीर करावी. तिची पावती मागू नये, आणि हा मिश्र खर्च खराच आहे एवढे कायद्याच्या भाषेत लिहावे, म्हणजे रक्कम लहान असली तरी तत्त्व सरळ होईल. आईबापांनी महिन्याच्या शेवटी पैसे देताना पावती मागावी, संध्याकाळी कोंडीत अडकून उशीर झाला तर त्या तासाचे पैसे विनातक्रार द्यावेत, आणि पाळणाघराच्या शुल्काची स्वतंत्र वजावट पगारदारांनाही मिळावी यासाठी आवाज उठवावा, कारण त्यांच्याही मिळकतीच्या मुळाशी तोच कुकर आहे. आणि काकूंनी आपल्या डायरीत भाताचा व गॅसचा रकाना भरावा; अकरा ताटांपैकी सात ताटे मुलांची, एवढे साधे प्रमाण धरूनही भरावा. तो भरल्याने त्यांची माया मोजली जाणार नाही, कारण माया त्या रकान्यात मुळी नव्हतीच. मोजला जाईल तो एवढा दिवस कुणीच न मोजलेला खर्च. एका चुलीवर दोन हेतू नांदतात तेव्हा त्यांपैकी एक खोटा असलाच पाहिजे, ही समजूत कायद्याने सोडावी आणि समाजानेही सोडावी. तसे झाले तर कर आकारणाऱ्याला न्याय करणे सोपे जाईल, आणि मूल सांभाळणाऱ्या बाईला पैसे घेताना मान खाली घालावी लागणार नाही.